‘सध्या काय करतेस?’ याचं उत्तर म्हणून वाट निवडू नकोस

पत्राचा सारांश : बार्शी तालुक्यातली एकवीस वर्षांची मुलगी पुण्यात वसतिगृहावर राहून बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय रसायनशास्त्र, गुण साठ-पासष्ट टक्के, राहिलेला विषय एकही नाही. कॉलेजात आलेल्या आयटी कंपनीच्या मुलाखतीत इंग्रजीत अडखळली आणि यादीत नाव आलं नाही. पुढे एका सिनिअरच्या सांगण्यावरून दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या औषध कंपनीत वॉक-इनला गेली. तिथे क्वालिटी कंट्रोलला ट्रेनी म्हणून महिना चौदा हजारांवर घ्यायला तयार आहेत. घरी कोरडवाहू शेती आहे, भावाचं बारावीनंतरचं शिक्षण व्हायचं आहे. वडील म्हणतात, ‘चौदा हजारांसाठी शिकवलं नाही. एमपीएससी कर, दोन वर्षं मी बघतो.’ आई म्हणते, दोन वर्षांत नाही झालं तर स्थळं बघायची. कॉलेजातले सर म्हणतात, एमएस्सीशिवाय केमिस्ट्रीत काही नाही. मामा पगाराचा आकडा ऐकून हसले. चार मैत्रिणींनी ऑफर लेटरचे फोटो स्टेटसला ठेवलेत. तिला रात्री झोप लागत नाही, पुस्तक उघडलं की पोटात कालवतं. ती विचारते, ‘सगळ्यांचं ठरलं, माझंच राहिलं. आता निर्णय चुकला तर सगळं आयुष्य चुकेल. मी काय करू?’

तुझ्या वर्गात एकूण किती जण आहेत ते तू कळवलं नाहीस; ज्यांचं ठरलं त्या चौघींबद्दल मात्र सविस्तर लिहिलंस. बाकीचे कुठे आहेत? ज्यांचं काही ठरलेलं नसतं ते स्टेटस ठेवत नाहीत. ते हॉस्टेलच्या गॅलरीत फोनवर घरच्यांना ‘बघू’ म्हणत असतात. पुढच्या प्रॅक्टिकलला दोघीतिघींना सरळ विचारून टाक. तुला बरीच सोबत आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात २०२२ सालचा आकडा आहे : तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण २९.१ टक्के, आणि लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. शिक्षण घेणं फुकट, असा त्याचा अर्थ काढू नकोस. न शिकलेल्याला रिकामं बसणं परवडतच नाही, तो मिळेल ते करतो. शिकलेला शिक्षणाला शोभेल अशा कामाची वाट बघतो, आणि तशी कामं कमी आहेत. पण एका मुलाखतीवरून तू स्वतःचा जो निकाल लावलास, तो या आकड्यांपुढे टिकत नाही. आयटी कंपनीने तुला नाकारलं ते तिच्या कामासाठी. तुझ्या रसायनशास्त्राबद्दल तिथे कोणी एक प्रश्नही विचारला नसेल.

आता मला खटकलेली गोष्ट. पत्रात तीन वाटा आहेत. तिन्हींबद्दल कोण काय म्हणालं ते तू लिहिलंस. वडील काय म्हणाले, सर काय म्हणाले, मामा कसे हसले. त्या वाटेवर रोज सकाळी उठून जे काम करायचं आहे ते तुला आवडेल का, जमेल का, याबद्दल मात्र एक ओळ नाही. मला अशी शंका आहे की नोकरी नसण्यापेक्षा लग्नकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांच्या ‘सध्या काय करतेस?’ या प्रश्नाची तुला जास्त धास्ती आहे. ती धास्ती खोटी नाही. गावात त्या उत्तरावर बापाची मान वर-खाली होते, आणि मुलीच्या बाबतीत तिला अजून किती मोकळीक द्यायची हेही त्यावरच ठरतं. तरी चारचौघांत सांगायला बरं वाटणारं उत्तर एक, आणि तुला पुढे नेणारं काम दुसरं. या दोघांची सर्वांत जास्त गल्लत आपल्याकडे एमपीएससीच्या बाबतीत होते. ‘एमपीएससी करतेय’ म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. किती पगार, कुठे, कधीपासून, सगळे प्रश्न दोन वर्षांपुरते बंद. म्हणूनच ती इतक्या घरांतून सुचवली जाते, असं माझं मत आहे.

स्पर्धा परीक्षेला माझा विरोध नाही. सदाशिव पेठेत आणि नव्या पेठेत अभ्यासिकांमध्ये बसलेली मुलं कोणाहून कमी मेहनत करत नाहीत. पण वडील ‘दोन वर्षं’ म्हणतात तेव्हा ते वेळापत्रक त्यांच्या हातात नसतं. २०२४ ची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आधी एप्रिलमध्ये होणार होती. ती ढकलत ढकलत २५ ऑगस्टवर आली. त्याच दिवशी आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा निघाली, पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, आणि शेवटी पेपर झाला १ डिसेंबरला. ही फक्त पूर्वपरीक्षा. पुढे मुख्य, मग मुलाखत, मग निकाल, मग नियुक्तीची वाट. सगळं सुरळीत चाललं तरी एका फेरीत वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि पहिल्याच फेरीत पार होणारे थोडे. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असताना दुसरं काय होणार?

शिवाय परीक्षाही बदलली आहे. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. मराठी आणि इंग्रजीचे पेपर पात्रतेपुरते, बाकी लेखी १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची. निबंध आहे, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आहेत आणि एक वैकल्पिक विषय आहे. त्या विषयांच्या यादीत रसायनशास्त्रही आहे. पर्यायाला गोळा काळा करण्याऐवजी आता पानंच्या पानं हाताने लिहायची. तुझ्या गावात कोणी दहा वर्षांपूर्वी पास झालं असेल, तर त्याचा सल्ला ऐक, पण तो वेगळ्या परीक्षेबद्दल बोलतोय हे लक्षात ठेव.

आणि ही वाट येत्या जूनमध्ये बंद होत नाहीये. वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ आहे. तू एकवीस वर्षांची आहेस.

तरी खरंच ओढ आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. आयोगाच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आहेत. पेपर संपले की सुट्टीत पूर्वपरीक्षेचा एक पेपर घड्याळ लावून सोडव आणि एक निबंध लिही. गुण किती पडले ते सोड, तयारीशिवाय कमीच पडणार. राज्यघटना, महाराष्ट्राचा भूगोल, पंचायत राज हे तीन-चार आठवडे रोज वाचताना आपण रमतो की सारखा मोबाइल उचलतो, एवढंच बघ. रमलीस तर पुढे विचार करू. तेव्हाही थांबायचं कधी हे सुरू करण्याआधीच कागदावर लिहून वडिलांना दाखव. आणि नुसतं ‘दोन वर्षं’ असं लिहू नकोस. ‘दोन पूर्वपरीक्षांत कट-ऑफ ओलांडला नाही तर नोकरी’ असं लिही. पेठेतल्या खोल्यांत वर्षानुवर्षं अडकलेल्यांना ‘चार मार्कांनी गेली’ हाच हिशोब अडकवून ठेवतो.

सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आर अँड डीत जायचं असेल, नवे रेणू बनवण्याचं काम करायचं असेल, तर एमएस्सी ऑरगॅनिक लागतेच. क्वालिटी कंट्रोलला मात्र बीएस्सी चालते, आणि तिथे दोन-तीन वर्षं एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताळलेल्या बीएस्सीवालीला नव्या कोऱ्या एमएस्सीपेक्षा आधी बोलावणं येतं. (सरांचा दोष नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर शिकणारी मुलं असतात. शिकून कारखान्यात गेलेली परत भेटायला फारशी येत नाहीत.) एमएस्सी घ्यायची की नाही हे ठरवायला एक सोपी चौकशी कर. तुझ्या कॉलेजातून गेल्या वर्षी एमएस्सी झालेल्या पाच-सहा जणांना गाठ. आज कुठे आहात, काम काय, हातात किती येतात, एवढंच विचार. त्यातले बरेचसे तुला आत्ता बोलावणाऱ्याच प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी असतील, तर विनाअनुदानित तुकडीची फी भरून दोन वर्षांनी तिथेच पोचण्यात अर्थ नाही. उलट संशोधनाची खरी ओढ असेल, तर मिळेल त्या कॉलेजात प्रवेश घेण्यापेक्षा एक वर्ष थांबून जामची (आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) आणि विद्यापीठ विभागाच्या प्रवेश परीक्षेची तयारी कर. पुढे सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून ती महिना ३७,००० आहे, म्हणजे त्या वाटेवरही स्वतःच्या पायावर उभं राहता येतं. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथे प्रकल्पांवर बीएस्सीवाल्यांसाठी सहायकाच्या तात्पुरत्या जागा अधूनमधून निघतात. संशोधन म्हणजे रोज काय असतं ते आतून पाहायला ती जागा उत्तम. संकेतस्थळावर नजर ठेव.

राहिली कुरकुंभची नोकरी. चौदा हजार कमीच आहेत. ते पुरेसे आहेत असं मी म्हणणार नाही, आणि तुझ्या वडिलांनाही तसं पटवायला जाऊ नकोस. पण पहिल्या वर्षी पगारापेक्षा हाताखाली काय येतं ते बघायचं असतं. क्वालिटी कंट्रोलमध्ये, म्हणजे क्यूसीमध्ये, दोन मुली एकाच दिवशी लागतात. एकीला वर्षभर कच्च्या मालाचे नमुने आणणं, काचसामान आणि रजिस्टर भरणं एवढंच मिळतं. दुसरी सहा महिन्यांत टायट्रेशन आणि ओलावा मोजणाऱ्या कार्ल फिशरवरून जीसी-एचपीएलसीसारख्या मोठ्या यंत्रांवर जाते, मेथड वाचायला शिकते, ऑडिटच्या वेळी कागद कसे बोलतात ते बघते. दीड-दोन वर्षांनी पहिलीला कोणी विचारत नाही, आणि दुसरी तळोजा, वाळूज, तारापूर, लोटे अशा कुठल्याही एमआयडीसीत अर्ज करू शकते. पुढे अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळालेली केमिस्ट झाली, तर तिची किंमत आणखी वाढते. त्यामुळे तुला मिळालेली नोकरी चांगली की वाईट, हे चौदा हजार या आकड्यावरून मला सांगता येणार नाही. तुलाही येणार नाही. ते विचारावं लागेल.

काय विचारायचं? कंपनीच्या रोलवर घेताय की कॉन्ट्रॅक्टरच्या, हे सर्वांत आधी. औषध आणि रसायन कंपन्यांत याने फार फरक पडतो : पगारवाढ, रजा, अनुभवाचं पत्र, सगळं त्यावर. ट्रेनी किती महिने, त्यानंतर कायम करण्याचा निकष काय? पहिल्या सहा महिन्यांत कोणती उपकरणं हाताळायला मिळतील? शिफ्ट कोणती? क्यूसीत मुलींना बहुधा जनरल शिफ्ट देतात, पण बहुधावर जाऊ नकोस. दौंडहून कंपनीची बस आहे का? बाँड आहे का, असल्यास किती महिन्यांचा, आणि मध्येच सोडली तर किती भरावे लागतात? मूळ मार्कशीट कोणी जमा करून घेत असेल तर सरळ नाही म्हण. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची आणि मूळ परत घ्यायचे. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या एजंटाकडे तर फिरकूही नकोस. आणि जमलं तर जेवणाच्या सुट्टीत तिथल्या एखाद्या मुलीशी बोल. सॉल्व्हंटचा वास किती असतो, फ्यूम हूड चालतात का, हातमोजे-मास्क खरंच देतात का, हे एचआर सांगत नाही. ती सांगेल.

उत्तरं बरी आली तर माझा कल कुरकुंभकडे आहे. त्यामागे एक साधं कारणही आहे. तुझं गाव आणि पुणं यांच्या मधल्या वाटेवर, सोलापूर हायवेला, ते आहे. घरी जाणं सोपं, खोलीचं भाडं पुण्याहून कमी, आणि घरच्यांना परकं वाटेल इतकं लांब नाही. वर्ष-दीड वर्ष काम कर. एमपीएससीची गोडी लागलीच असेल, तर रविवार आणि संध्याकाळ धरून एक पूर्वपरीक्षा देऊन बघ. एमएस्सीची ओढ टिकली, तर पुढच्या वर्षी प्रवेश घे. तेव्हा ऑरगॅनिक घ्यावी की अ‍ॅनालिटिकल, हे तुला सरांपेक्षा चांगलं कळलेलं असेल. हा निर्णय आयुष्यभराचा आहे असं तू लिहिलंस. औषध कंपन्यांत दोन-तीन वर्षांनी जागा बदलणं हे रोजचं आहे.

वडिलांशी बोलताना मात्र ‘मला एमपीएससी करायची नाही’ अशी सुरुवात केलीस तर संवाद तिथेच संपेल. त्यांनी दोन वर्षं पोसण्याची तयारी दाखवली, ती कोरडवाहू शेतीच्या जिवावर. ते मोठं मन आहे, आधी त्याबद्दल बोल. मग हिशोब मांड. पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका, क्लास, पुस्तकं असं मिळून महिन्याला किती लागतात ते तुझ्या ओळखीच्या दोन मुलींना विचारून लिहून काढ, आणि भावाचं बारावीनंतरचं शिक्षणही त्यात धर. ते सोयाबीनमध्ये तुरीचे तास घेत असतील तर त्यांना हे समजावण्याची गरजही पडणार नाही : सोयाबीन निघतं, त्याचा पैसा येतो, तूर मागे उभी राहते. नोकरी आधी, परीक्षा मागून, रान एकच.

आईचा मुद्दा अवघड आहे आणि त्यावर माझ्याकडे जादूचं उत्तर नाही. पगार सुरू झाला म्हणून स्थळांचा विषय बंद होत नाही. पण घरात बसून तयारी करणाऱ्या मुलीला प्रत्येक निकालानंतर तारीख वाढवून मागावी लागते, कमावत्या मुलीला तेवढी मागावी लागत नाही, असं मला या सदराला येणाऱ्या पत्रांतून दिसत आलंय. आईशी एकटीने बोल, सगळ्यांसमोर नको. मामांशी बोलायची गरज नाही.

इंग्रजीबद्दल थोडं. आयटीच्या मुलाखतीत बोलणंच तपासतात. केमिस्टच्या मुलाखतीत मोलॅरिटी-नॉर्मॅलिटीतला फरक, बफर म्हणजे काय, एचपीएलसीचं तत्त्व, अमुक टायट्रेशनला कोणता इंडिकेटर, हे विचारतात, आणि समोरचा माणूस बरेचदा मराठी किंवा हिंदीच बोलणारा असतो. तू वॉक-इनमध्ये निवडली गेलीस, म्हणजे ते तुला आलं. पुढच्यासाठी एवढं कर : जर्नलमधला एकेक प्रयोग खोलीत मोठ्याने, मोडक्या का होईना इंग्रजीत, कोणाला तरी समजावून सांग. बायोडाटा एक पान. ज्या उपकरणाला हात लावलाय तेच लिही. नुसती पाहिलेली एचपीएलसी लिहिलीस की पहिलाच प्रश्न कॉलम आणि मोबाइल फेजवर येतो, आणि तिथे घाम फुटतो.

झोपेचं मला सर्वांत आधी लिहायला हवं होतं असं तुला वाटेल. निर्णयाचं ओझं थोडं उतरल्याशिवाय झोपेवरचे सल्ले कामी येत नाहीत, म्हणून मागे ठेवलं. परीक्षा होईपर्यंत स्टेटस बघणं बंद कर, त्या चौघी रागावणार नाहीत. आणि दोन आठवडे उलटूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटत असेल, तर कोणाच्या परवानगीची वाट न बघता १४४१६ वर फोन कर. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. कॉलेजात समुपदेशक असेल तर त्यांनाही भेट. यात लपवण्यासारखं काही नाही, पण लपवून केलंस तरी चालेल.

हे वाचणाऱ्या ज्यांच्या हातात चौदा हजारांचीही ऑफर नाही, किंवा जे बीए-बीकॉमला आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पदवीधरांसाठी केंद्राची राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजना आहे, नॅट्स. तिच्या पोर्टलवर नोंदणी करता येते. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन ९,००० ठरवलं. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, तीत पदवीधरांना महिना १०,००० ठरले. ती आधी सहा महिन्यांची होती, नंतर मुदत वाढवली. सध्या आपल्या जिल्ह्यात जागा आहेत का ते कौशल्य विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. या दोन्ही नोकऱ्या नव्हेत आणि संपल्यावर कायम करतील अशी आशा धरू नका. अनुभवाचं पत्र मात्र मिळतं, आणि पुढच्या मुलाखतीत ‘वर्षभर काय केलंत?’ याला उत्तर देता येतं. विषय राहिलेत त्यांनी आधी ते काढावेत. अर्ज बरेचदा तिथेच अडतो.

तुला मात्र उद्याच एक फोन करायचा आहे. कंपनीला विचार की निकाल लागल्यावर रुजू झालं तर चालेल का. औषध कंपन्यांना दर वर्षी हीच विनंती येते, त्यात संकोच नको. पगार वार्षिक सांगितला तर महिन्याला हातात किती, पीएफ आणि ईएसआयसी किती कापणार, ते वेगळं विचार. आणि पहिली पगारपावती आली की एक ओळ तपास : महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ पासून व्यवसाय कर लागत नाही. कापलेला दिसला तर अकाउंट्सला जाऊन विचार.